लेकीचं लग्न वसईला, माहेर नगरचं: क्वायरने काय गायचं?

नगरची_आल्टो

मंडळी, जरा मदत करा. लेकीचं लग्न २९ डिसेंबरला ठरलंय आणि आमच्या घरात साड्या, हॉल, जेवण यांपैकी कशावरूनही भांडण नाही. भांडण गाण्यांवरून आहे.

आम्ही नगरचे. आता अहिल्यानगर झालं, पण जिभेला वळण पडायला वेळ लागणार. घर अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते, आता वय ८४. मी लग्नाआधी तिथल्या क्वायरमध्ये आल्टो गायचे, म्हणजे स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) बघून घाबरत नाही, इतपत येतं. जावई वसईचा, कॅथलिक, घरात कुपारी ही तिकडची बोली बोलतात. लग्न त्यांच्या चर्चमध्ये. तिकडे चर्चला सरळ 'देऊळ' म्हणतात. बाबांनी पहिल्या भेटीत ते ऐकलं आणि परत येताना माळशेज चढून आळेफाटा आला तरी तेच घोळवत होते, "देऊळ म्हणतात बघ. किती बरं वाटतं कानाला."

फादरांनी सांगितलंय, गाण्यांची यादी नोव्हेंबरअखेर द्या, बघून सांगतो. आणि यादी एक नाही, तीन आहेत.

लेकीची यादी यूट्यूबवरून आलेली. आत येताना वाग्नरचं 'हिअर कम्स द ब्राइड', मध्ये 'पानिस आंजेलिकुस', मग शुबर्टचं 'आवे मारिया', बाहेर पडताना मेंडेल्सोनचा वेडिंग मार्च. "मम्मी, चर्च वेडिंग म्हटलं की हेच असतं."

विहीणबाईंची यादी एका ओळीची. नवरा-नवरी मारियामातेसमोर फुलं ठेवतात तेव्हा 'आवे मारिया' झालंच पाहिजे. त्यांच्या लग्नात झालं होतं.

बाबांची यादीही एका ओळीची. रेव्हरंड टिळकांचा एक अभंग, जो त्यांनी लावलेल्या प्रत्येक लग्नात ते स्वतः म्हणायचे, पेटी-तबल्यावर. शब्द पुस्तकात आहेत, चाल आमच्या घरात आहे, आजोबांकडून आलेली. 'आवे मारिया'चं विचारलं तर शांतपणे म्हणाले, "त्यांचं देऊळ, त्यांची रीत. तेवढा वेळ मी बाहेर जाऊन उभा राहीन. रागाने नाही गं. मला मरियेला हाक मारता येत नाही, एवढंच."

नवरीचे आजोबा लग्नाच्या मध्यात उठून व्हरांड्यात उभे, हे मी कसं होऊ देऊ?

क्वायरची ताकद: सहा सोप्रानो आणि तीन आल्टो (बायकांचे वरचे आणि खालचे आवाज), एक टेनर आणि दोन बेस (पुरुषांचे वरचे आणि खालचे). ऑर्गन नाही, कीबोर्ड आहे. वाजवणारा मुलगा इंजिनीअरिंगला आहे, हात चांगला आहे. आमच्याकडून मी आणि दोन मावसबहिणी. लेकीला चार आवाजांतलं 'खरं' क्वायरचं गाणं हवंय. काय झेपेल, काय शोभेल, आणि बाबांना आत कसं ठेवू?

टेनर_एकटाच

ताई, मी वसईकर. तुमच्या क्वायरमधला तो 'एक टेनर' मी नव्हे, पण आमच्या देवळातही मी एकटाच, त्यामुळे त्याचं दुःख जाणतो.

पहिली गोष्ट तारीख. २४ च्या रात्री मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना), २५ ला सकाळी परत, ३१ ला वर्षअखेरची. मधल्या दिवसांत क्वायरचा गळा बसलेला असतो, आणि घरोघरी गोडधोड, वाइन चालू असते ती वेगळीच. त्या आठवड्यात नवीन गाणं शिकवायला जाऊ नका. जे काय नवीन असेल ते दिवाळीच्या आसपास बसवून टाका, नंतर नुसती उजळणी.

दुसरी गोष्ट, धूमधडाक्याची चिंता देवळात करू नका. बाहेर बॅंड उभा असणारच. ट्रंपेट-क्लॅरिनेटवाले मेंडेल्सोन काय, हिंदी सिनेमातलं काय, मागाल ते वाजवतील. आतलं आत, बाहेरचं बाहेर.

तिसरी, आणि ही मी रक्ताने लिहितोय: कीबोर्डचं ट्रान्सपोज बटण. एका लग्नात आधीच्या गाण्यासाठी दोन सूर वर चढवलेला कीबोर्ड तसाच राहिला. पुढच्या गाण्यात सोप्रानो कशाबशा पोचल्या. मी पोचलो नाही. व्हिडिओत नवरा-नवरी दोघं एकदम मागे वळून बघतात, ते मला बघतात.

निवृत्त_पेटीवाला

मी पुण्यात तीस-एक वर्षं क्वायर बसवला. आधी पेटी, मग ऑर्गन, शेवटी हातवारे. ताईंचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण बहुतेक लोक लग्नाच्या आदल्या रविवारी विचारतात.

गाणी बाजूला ठेवा आणि फादरांना एकच प्रश्न विचारा: मिस्सा आहे की नुसता लग्नविधी? नवरा कॅथलिक आणि नवरी बाप्तिस्मा झालेली प्रॉटेस्टंट असेल तर सहसा मिस्सा न करता लग्न लावतात, कारण अर्ध्या मंडळीला कम्युनियन घेता येत नाही आणि लग्नाच्या दिवशीच ती फट उघडी पडते. परवानगी घेऊन मिस्सा होऊही शकते. यावर तुमची अर्धी यादी ठरेल.

कारण 'पानिस आंजेलिकुस' म्हणजे काय? शब्द तेराव्या शतकातले, संत थॉमस अक्वायनस यांचे, ख्रिस्तशरीराच्या सणासाठी लिहिलेले. अर्थ असा की देवदूतांची भाकर माणसांची भाकर झाली. गरीब, दास, दीन माणूस प्रभूला सेवन करतो. सेझार फ्रांकची १८७२ ची चाल गोड आहे, म्हणून लोक ती लग्नात कुठेही चिकटवतात. पण ते प्रभुभोजनाचं गाणं आहे. प्रभुभोजनच नसेल तर ते गाणं म्हणजे पंगत नाही आणि वाढपी फिरतोय. मोत्सार्टच्या 'आवे वेरुम कोर्पुस'चंही तेच. १७९१ मधलं, जेमतेम ४६ मापांचं, कागदावर सोपं दिसतं म्हणून नवखे क्वायर त्यावर उडी मारतात आणि लांब श्वासाच्या ओळींत बुडतात. तुम्हाला ते दोन्ही नकोत.

वाग्नर आणि मेंडेल्सोनबद्दल लेकीला समजावून सांगा, रागावू नका. वाग्नरचा तो तुकडा 'लोहेनग्रिन' या ऑपेरातला, १८५० चा. तिथे तो लग्नविधीत येतच नाही. लग्न उरकल्यावर जोडप्याला शयनगृहात पोचवताना येतो, आणि त्याच रात्री ते लग्न मोडतं. मेंडेल्सोनचा मार्च शेक्सपिअरच्या नाटकासाठी १८४२ मध्ये रचलेला. १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात दोन्ही वाजले आणि तेव्हापासून जगभर फॅशन झाली. पुष्कळ फादर दोन्हींना नाही म्हणतात. तुमचे हो म्हणाले तरी मेंडेल्सोन बाहेरच्या बॅंडला द्या, वर टेनरभाऊंनी सांगितलंय तसं.

आत येताना बाखचा तो कोराल, म्हणजे चर्चचं समूहगीत, घ्या, इंग्रजीत 'जीझू, जॉय ऑफ मॅन्स डिझायरिंग' म्हणतात तो. सगळी कारागिरी कीबोर्डच्या उजव्या हातात, तिनातिनाच्या गतीत वाहणारी, आणि क्वायरला मध्येमध्ये साध्या, लांब सुरांच्या ओळी. तुमचा इंजिनीअर मुलगा चांगला असेल तर बारा जणांचा क्वायर तीस जणांचा वाटेल. एकटा टेनर इथे लपूनही जातो. स्वरलिपी कोरल पब्लिक डोमेन लायब्ररीच्या साइटवर फुकट मिळते. मात्र एकदा रिकाम्या देवळात घड्याळ लावून नवरीच्या चालीने चाला. लोक पाच मिनिटांचं गाणं निवडतात आणि नवरी दीड मिनिटात वेदीशी पोचते, मग वादक मध्येच ब्रेक मारतो. चालणं वादनावर होऊ दे, ती पोचली की क्वायरने उभं राहून गावं.

आता तुमच्या बाबांचं. शुबर्टचं 'आवे मारिया' मुळात प्रार्थनेला चाल लावून झालेलं नाही. वॉल्टर स्कॉटच्या एका काव्यातली मुलगी संकटात मारियेला आळवते, ते जर्मनमध्ये आलं, त्याला शुबर्टने १८२५ मध्ये चाल दिली. लॅटिन प्रार्थना त्या चालीवर नंतर बसवली. हे बाबांना सांगून उपयोग नाही, त्यांची अडचण चालीची नाही. मरियेला हाक मारणं त्यांना जमत नाही. पण मरियेने स्वतः म्हटलेलं गाणं? बायबलातलं लूकचं शुभवर्तमान, पहिला अध्याय, ४६ वी ओवी: 'माझा जीव प्रभूला थोर मानतो.' ते गाणं तुमच्या बाबांनी व्यासपीठावरून कितीदा वाचलं असेल! कॅथलिक चर्चमध्ये ते रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हणतात. फुलं ठेवताना ते होऊ द्या.

चालीसाठी फ्रान्समधल्या तेझेकडे बघा. तिथला धर्मबंधूंचा आश्रम १९४० मध्ये एका प्रॉटेस्टंट माणसाने सुरू केला, आज तिथे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही एकत्र राहतात. त्यांच्यासाठी जाक बेर्तिए या ऑर्गनवादकाने रचलेलं 'माग्निफिकात' आहे, म्हणजे मरियेचं हेच गाणं लॅटिनमध्ये, दोन-तीन ओळींचा कॅनन, एकामागून एक आवाज शिरत जातो. तीन रविवारांत बसतं. क्वायर ते फिरवत ठेवतो आणि वर एकजण लूकमधल्या ओव्या मराठीत वाचतो.

आणि बाबांना एक गंमत सांगा. तो बाखचा कोराल ज्या कॅन्टाटातला (चर्चसाठीच्या मोठ्या संगीतरचनेतला), ती २ जुलै १७२३ ला लाइपझिगमध्ये झाली, मरिया एलिझाबेथला भेटायला गेली त्या सणासाठी. म्हणजे मरियेने हे गाणं म्हटलं त्याच भेटीचा सण. आणि बाख पक्का लूथरन, म्हणजे प्रॉटेस्टंट.

अभंगाची जागा विधीतच आहे. अंगठ्या झाल्या की सगळ्यांनी स्तुतिगीत म्हणावं, अशी मुभा कॅथलिक लग्नविधीत आहे. तिथे पेटी-तबला आणा. फक्त अभंगाला चार आवाजांत कोंबू नका. रागातल्या चालीखाली कॉर्ड बदलत गेले की चाल लंगडते. बेसनी सा-पा धरून ठेवायचं, बाकी सगळ्यांनी एक सूर. पट्टी काळी एक घेतलीत तर बायका तळाला जातील, काळी चार घेतलीत तर पुरुष गप्प बसतील. पांढरी चारपासून चाचपून बघा.

कट्ट्यावरचा_वाचक

मी ख्रिस्ती नाही, नुसता वाचतोय. रेव्हरंड टिळक म्हणजे शाळेत 'केवढे हे क्रौर्य' पाठ केलं त्या कवितेचे ना. वा. टिळक? त्यांचे अभंग चर्चमध्ये म्हणतात? आणि तबला चालतो?

निवृत्त_पेटीवाला

तेच, लक्ष्मीबाईंचे यजमान. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे बरीच वर्षं नगरला होते, १९१९ मध्ये गेले. त्याआधी मराठी चर्चमध्ये बरीचशी गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली असत. चालीचा जोर एका अक्षरावर, मराठी शब्दाचा दुसऱ्यावर, असं म्हणताना तोंड वाकडं होतं. टिळकांनी ओवी, अभंग, कीर्तन चर्चमध्ये रुजवलं. नगरकडे तबला नवा नाही. कॅथलिकांकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते ६५) स्थानिक भाषा आणि वाद्यांना दार मोकळं झालं. ऑर्गनचा मान तिने वर ठेवला, पण इतर वाद्यांना मनाई केली नाही.

टेनर_एकटाच

तबला चालतो, पण माईक वेगळा द्या. आमच्या देवळाची छपरं उंच, ठेका तीनदा ऐकू येतो. आणि ताई, सह्यांचं काय? १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे रजिस्टरवर सह्या, साक्षीदार, फोटोग्राफरचं 'एकदा इकडे बघा'. दहा-बारा मिनिटं कुणी मोजत नाही आणि क्वायर तिथेच उघडा पडतो.

नगरची_आल्टो

सगळ्यांचे आभार. सर, तुमचा एक प्रश्न विचारल्यानेच अर्धं काम झालं. फादर म्हणाले मिस्सा नाही, लग्नविधीच. तेव्हा 'पानिस आंजेलिकुस' गेलं. लेकीला 'पंगत नाही आणि वाढपी फिरतोय' वाचून दाखवलं, ती हसली आणि वाग्नरही सोडला. मेंडेल्सोन बॅंडकडे. बॅंडवाल्याला फोन केला तर म्हणाला, "तो आमच्याकडे असतोच, त्याच्यानंतर काय लावू?"

बाबांना लूकचा अध्याय सांगितला तर ते काहीच बोलले नाहीत. बायबल उघडून पहिल्यापासून वाचत बसले. संध्याकाळी म्हणाले, "वर वाचणारा कोण आहे?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. "मग ठरवू नका," म्हणाले. फादरांना विचारलंय. त्यांनी लगेच होकार दिला.

विहीणबाईंचं मात्र तोंड उतरलंच. त्यांचं चूक नाही. लग्नाची आठवण म्हणून माणूस एक गाणं जपतो आणि कुणीतरी त्याचा इतिहास सांगतं. शेवटी असं ठरलं की शुबर्टचं 'आवे मारिया' सुरुवातीला, लोक येऊन बसत असताना, जावयाच्या चुलतभावाने व्हायोलिनवर वाजवायचं, शब्दांशिवाय. त्या 'बरं' म्हणाल्या. ते 'बरं' किती बरं होतं ते मला माहीत आहे, पण घेतलं.

नगरची_आल्टो

पहिली तालीम झाली, म्हणून परत आले. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी आणि बाबा वसईला गेलो.

बाखचा कोराल झाला. मुलाच्या उजव्या हाताने सगळ्यांना सांभाळलं. माझ्या मावसबहिणीने दोनदा घाईने आवाज लावला आणि दोन्ही वेळा तिने टेनरकडे असं बघितलं जणू चूक त्याची.

माग्निफिकातला गोंधळ झाला. चौथा आवाज शिरला की पहिला कुठे आहे हे कुणालाच कळेना. मग क्वायरच्या बाईंनी सोप्रानो एकीकडे, आम्ही तिघी दाराशी, पुरुष बाजूला, असं देवळात पांगवून उभं केलं आणि एकदम जमलं. लग्नातही तसंच उभं राहायचं ठरलंय.

अभंगाला बाबा तबलजीपाशी जाऊन बसले. तो मुलगा केहरवा धरून जोरात निघालेला. बाबांनी मांडीवर टाळी देत त्याला खाली आणला, दोनदा, तीनदा. मग चाल सांगायला घेतली तर क्वायरमधली एक बाई म्हणाली, हे शब्द आमच्याकडे नाहीत, लिहून द्या. बाबांनी कागद मागितला. त्यांचं अक्षर आता कापरं आहे, तरी बारा प्रती त्यांनीच लिहिल्या, झेरॉक्सला देऊ दिलं नाही. आम्ही तासभर बाकावर बसून चहा प्यायलो.

बाहेर पडताना 'आदेस्ते फिदेलेस' ('ओ कम ऑल यी फेथफुल' हे नाताळगीत) ठरलंय, नाताळातच लग्न असल्याने. ते सगळ्यांना येतं म्हणून तालमीत घेतलंच नव्हतं. शेवटी सहज एक कडवं म्हणून बघितलं, तर नगरचे शब्द वेगळे आणि वसईचे वेगळे! एकच चाल, निम्मे लोक एक म्हणतायत, निम्मे दुसरं. फादर दारातून म्हणाले, "पहिलं कडवं तुमचं, दुसरं आमचं, तिसरं लॅटिनमध्ये, म्हणजे कुणालाच येणार नाही."

सह्यांची दहा मिनिटं अजून रिकामी आहेत. तेझेचंच 'उबी कारितास' ('जिथे प्रेम तिथे देव') तिथे चालेल का, सर? आणि टेनरभाऊ, ट्रान्सपोज बटणावर मी आत्ताच सेलोटेप लावून आलेय. २९ ला संध्याकाळी तुम्ही मोकळे असाल तर या. टेनर अजूनही एकच आहे.